पानगळ आणि घरापुढचं लॉन: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरात 'लॉन' म्हटलं की आधी लग्नाचं लॉन आठवतं, जेवणाची रांग आणि बुफेतला पाटोडी-रस्सा आठवतो. इथे बोलायचं आहे ते घरापुढच्या दोन-चारशे चौरस फूट गवताबद्दल. फेब्रुवारी उजाडला की आमच्या ले-आऊटमधले लोक सकाळी फिरताना फाटकाशी थांबतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. दरवर्षी तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. मी शिकलेला माळी नाही. बरीच वर्षं स्वतःचं लॉन सांभाळतो आहे, त्यात दोनदा ते मारूनही झालं आहे.

पानगळीत लॉनची काळजी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू करा, असं इंटरनेटवर वाचलं. आपल्याकडेही तसंच का?

नाही, आणि बहुतेक गोंधळाचं मूळ हेच आहे. ते सल्ले थंड देशांतले. तिकडे पानं गळतात तेव्हा पुढे बर्फाचे महिने असतात, म्हणून गवताला झोपवायची तयारी चाललेली असते. आपल्याकडची पानगळ शिशिरात सुरू होऊन चैत्रापर्यंत चालते, म्हणजे साधारण जानेवारीअखेर ते एप्रिल. पुढे काय आहे? उन्हाळा, नवतपा, पंचेचाळीस अंश.

गवताची जातही वेगळी. आपली हरळी, नर्सरीतलं सिलेक्शन वन, कोरियन ही सगळी उष्ण हवेची गवतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा ती वाढ थांबवून पिवळी पडतात. फेब्रुवारीच्या मध्यात ऊन तापू लागलं की जागी होतात, आणि नेमकी तेव्हाच वरून पानं पडायला लागतात. म्हणजे तिकडे झोपणाऱ्या गवतावर पान पडतं, इथे उठणाऱ्या गवतावर. तिकडचं वेळापत्रक इथे लावलं की ऑक्टोबरात नको ते खत पडतं आणि मार्चमध्ये, खरी गरज असताना, कोणी लॉनकडे बघत नाही.

कोणत्या झाडाची पानं कधी पडतात? एकदाच झाडून मोकळं होता येईल का?

एकदाच झाडून होत नाही, कारण झाडं आपसांत ठरवून पानं टाकत नाहीत. शिरीष लवकर मोकळा होतो. त्याच्या वाळक्या शेंगा तेवढ्या वाऱ्यावर खुळखुळत राहतात आणि नंतर त्याही लॉनवर येतात. साग थंडीतच पानं टाकू लागतो आणि पार पावसाळ्यापर्यंत उघडा राहतो. पळस होळीच्या सुमारास पानं टाकून फुललेला असतो. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा-वीस दिवसांत सगळा पाला टाकतो आणि लगेच नवा घेतो. पाडव्याला गुढीसाठी कोवळा डहाळा मिळतो तो त्यामुळेच. पिंपळ त्याच्या आगेमागे. करंज थोडा उशिरा. गुलमोहराची बारीक पानं तर कधी पडली तेही कळत नाही, लॉनवर पिवळी धूळ बसल्यासारखी दिसते.

आपल्या अंगणात कोणती झाडं आहेत ते एकदा बघून ठेवा. नुसता कडुनिंब असेल तर तीन आठवड्यांचं काम. साग आणि करंज दोन्ही असतील तर दाताळं जानेवारीत काढायचं आणि एप्रिलच्या शेवटी ठेवायचं.

पानं लॉनवर किती दिवस पडून राहिली तर चालतात?

खालचं गवत दिसतंय की नाही, यावर ठरवा. पानांच्या फटींतून निम्म्याहून जास्त हिरवं दिसत असेल तर चार-पाच दिवस काही बिघडत नाही. सलग पांघरूण पडलं असेल तर दोन-तीन दिवसांत उचला. नुकतं फुटू लागलेलं गवत उजेडाविना पांढुरकं पडतं, आणि अशा गवतावर एकदम मार्चचं दुपारचं ऊन आलं की करपतं. ओळीनं आठ दिवस झाकलेला तुकडा उघडून बघा, कुंडीखालच्या गवतासारखा दिसेल.

अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर?

मग वरचा हिशेब विसरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात एखादी तरी गारपीट होते. पानं भिजून कागदाच्या लगद्यासारखी एकमेकांना चिकटतात आणि खाली बुरशी धरते. ऊन पडल्यावर पानं वरून सुकेपर्यंत थांबा, पण दुसऱ्या दिवसाच्या पुढे नको. ओलं असताना लॉनवर फार फिरूही नका. आपली काळी माती ओली असताना पायाखाली दाबली गेली की वाळल्यावर फरशीसारखी होते.

खराट्यानं झाडलं की गवतच उपटून येतं. कशानं झाडावं?

खराटा सिमेंटच्या अंगणासाठी. हरळीचे धावते तंतू त्याच्या काड्यांत अडकतात आणि प्रत्येक फटक्याला थोडे तुटतात. लॉनसाठी पंख्यासारखं पसरट दाताळं घ्या, बांबूचं किंवा पातळ पोलादी पट्ट्यांचं. बांबूचं हलकं असतं, गवतावर मायेनं चालतं, दोन वर्षांत मोडतं. कोपऱ्यातून ओढत बसण्यापेक्षा जुनी चादर पसरून तिच्यावर पानं ओढा आणि चादरीची चार टोकं धरून उचला. हे मला आमच्याकडे येणाऱ्या माळीबुवांनी शिकवलं. मी पानं हातानं पोत्यात भरत होतो, ते थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही पानं वेचून राहिले का मोजून राहिले?"

हवेचा ब्लोअर चालतो, पण धूळ शेजारच्यांच्या वाळवणावर जाते. मार्चमध्ये गच्चीवर पापड-कुरड्या वाळत असतात याचं भान ठेवा.

पानं उचलण्यापेक्षा गवत कापायच्या मशीननं चुरा करून लॉनवरच सोडली तर चालेल?

चालेल, बारीक पानांच्या बाबतीत तर उत्तमच. कडुनिंब, गुलमोहर, शिरीष यांची पर्णिका मुळातच छोटी. कोरडी असताना वरून फिरत्या पात्याचं मशीन दोनदा चालवलं की चुरा गवताच्या मुळाशी उतरतो आणि दिसेनासा होतो. काळ्या मातीला सेंद्रिय भर कितीही घातली तरी कमीच. ढकलायचं रिळाचं मशीन मात्र इथे कामाचं नाही. ते गवत कातरतं, पान नुसतं लोळवतं.

दोन अटी. चुऱ्यातून गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. तो अर्ध्या इंचाचा थर होऊन बसला तर जास्तीचा काढून घ्या. दुसरं, वाळल्या पानांत कार्बन भरपूर आणि नत्र फार थोडं. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःसाठी उचलतात, म्हणून चुरा सोडल्यावर काही आठवडे गवत फिकट दिसू शकतं. घाबरू नका, खाली खताच्या प्रश्नात उपाय आहे.

सागाची पानं?

सागाचं पान म्हणजे पत्रावळ. एक पान वीतभर गवत झाकतं, आणि कुजायचं नाव घेत नाही. चुऱ्याच्या फंदात न पडता रोज उचला. झाडांच्या आळ्यांत, कुंड्यांच्या खाली, गुलाबाच्या वाफ्यावर आच्छादन म्हणून ती छान. उन्हाळ्यात अशा आळ्याला निम्म्या वेळा पाणी दिलं तरी पुरतं, हा माझा अनुभव. पिंपळ, वड आणि आंब्याचं चामड्यासारखं पानही याच जातीत धरा.

होळी जवळ आली आहे, पानं तिच्यात टाकली किंवा कोपऱ्यात जाळली तर काय बिघडतं?

दमा असलेल्या शेजाऱ्याला विचारा. पानांचा धूर जमिनीलगत रेंगाळतो, मार्चच्या सकाळी तर घराघरांत शिरतो. कायद्याचंही सांगतो: राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. वाळलेला पालाही त्यात आला.

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. लोक मार्चमध्ये पानं जाळतात आणि जूनमध्ये नर्सरीतून पैसे देऊन खताची पोती आणतात. मीही आणली आहेत. एका वर्षी ट्रॅक्टरभर 'खतमिश्रित लाल माती' घेतली, तिच्यातून मोथा हा चिवट तणाचा प्रकार आला. तो अजून निघतो आहे.

पानांचं खत करायचं आहे. खड्डा करू की ढीग?

पुस्तकात दोन्ही लिहिलेलं असतं. नागपुरात याचं उत्तर महिन्यावर आहे.

फेब्रुवारी ते मे खड्डा. इथल्या कोरड्या गरम हवेत उघडा ढीग आठवडाभरात खडखडीत वाळतो, आणि वाळलेलं काहीच कुजत नाही. मे महिन्यात ढीग फोडून बघितला तर फेब्रुवारीची पानं जशीच्या तशी निघतात, मी काढली आहेत. खड्ड्यात ओल टिकते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट खोल पुरे, शक्यतो झाडाच्या सावलीत, घराच्या पायापासून लांब.

जूनपासून उलटं. काळ्या मातीत खड्ड्यातलं पाणी मुरत नाही, त्याचं डबकं होतं, आतला माल सडतो आणि मच्छर होतात. म्हणून मेच्या शेवटी, मृग लागायच्या आत, अर्धवट कुजलेला माल वर काढून उंच जागेवर ढीग करायचा आणि वर ताडपत्री टाकायची. माल वर-खाली करावाच लागतो, हे वर काढणं त्याच हिशेबात गेलं.

भरताना पानं आधी चुरा. मशीन नसेल तर चादरीवर पसरून पायानं तुडवा, घरातली मुलं हे काम फुकट करतात. वीतभर थर कोरड्या पानांचा, वर पातळ थर ओल्या हिरव्याचा: कापलेलं गवत, भाजीची देठं, संत्र्याची सालं. संत्र्याच्या दिवसांत त्यांची आपल्याकडे काय कमी? मग शेणकाल्याचा शिडकावा आणि मूठ-दोन मूठ बागेतली माती. शेण मिळत नसेल तर आंबट ताक पाण्यात कालवून शिंपडतात. त्यानं फार मोठा फरक पडतो असं मला दिसलं नाही, पण नुकसानही नाही. वर ओलं पोतं झाका.

ओल ओळखायची खूण सोपी आहे. मूठभर माल दाबला तर बोटांतून एखादा थेंब यावा. धार आली तर पाणी जास्त, भुगा उडाला तर कमी. एप्रिल-मेमध्ये दर तीन-चार दिवसांनी बादलीभर पाणी लागतंच. पंधरा-वीस दिवसांनी वरखाली करा. चुरलेला कडुनिंब-गुलमोहर जुलैपर्यंत चाळण्याजोगा होतो. साग आणि पिंपळ दिवाळी बघतात. अमोनियाचा वास आला तर हिरवं जास्त झालं, आणखी पानं घाला. कुजका वास आला तर ओल जास्त झाली, उलथा आणि हवा लागू द्या.

पानांच्या ढिगाला उधई लागते म्हणतात.

लागते. उधईला कोरडं, न हलवलेलं, अंधारं हवं असतं. ओला आणि पंधरा दिवसांनी उलथलेला ढीग तिला आवडत नाही. पानं भिंतीला टेकवून ठेवू नका, लाकडी फाटकाशी नको, आणि झाडाच्या बुंध्याला चिकटवून आच्छादन करू नका. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

पानांत साप असण्याची भीती वाटते. खरंच असतो का?

असतो, आणि भीती बाळगलेली बरी. घोणस वाळल्या पाल्यात अशी मिसळते की हातभर अंतरावरून दिसत नाही, आणि ती हलतही नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला गारवा आणि ओल शोधत नागही येतो. विंचू तर पोत्याखाली ठरलेलाच. अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्सकडच्या घरांना हे सांगावं लागत नाही, पण मध्यवस्तीतल्या जुन्या बंगल्यांच्या आवारातही साप निघतात.

आठवड्याहून जुन्या ढिगात हात घालायचा नाही. आधी लांब दांड्याचं दाताळं घालून उलथायचं, पायात बूट हवेत, संध्याकाळनंतर हे काम नको. साप दिसला तर मागे सरा, त्याला जायला वाट द्या आणि सर्पमित्राला बोलवा. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता, अवयव न हलवता सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. प्रतिविष तिथे मिळतं. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

पानगळीत खत द्यायचं का? कोणतं आणि किती?

द्यायचं, पण वेळ साधून. गवताची हिरवी टोकं दिसू लागली आणि रात्रीचा गारठा सरला, की साधारण फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. आधी पानं झाडा, मग लॉनला पाणी द्या, दुसऱ्या दिवशी गवत कोरडं असताना खत फेका, आणि लगेच भरपूर पाणी द्या.

युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्यामुळे हात आखडता हवा. शंभर चौरस फुटाला ५० ग्रॅम, फार तर ६०, चौपट बारीक मातीत किंवा वाळूत मिसळून म्हणजे सारखं पसरतं. शेणखत किंवा गांडूळखत असेल तर युरियाची गरज निम्म्यानं कमी. पानांचा चुरा लॉनवर सोडला असेल तर हा हप्ता चुकवू नका, फिकटपणावर औषध तेच आहे. पारा चाळिशीला लागला की रासायनिक खत बंद, ते थेट जुलैत.

मी एकदा एप्रिलमध्ये भर दुपारी, "नंतर पाणी देऊ" म्हणून युरिया फेकला आणि नेमका नळ गेला. दुसऱ्या दिवशी जिथे मूठ पडली होती तिथे तिथे तांबडे ठिपके. लॉनला गोवर झाला म्हणून ले-आऊटभर चेष्टा झाली.

व्हिडिओत पानगळीनंतर लॉनवर चुना टाकायला सांगतात. टाकू?

अजिबात नको. चुना आम्लधर्मी मातीसाठी असतो. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, आधीच अल्कधर्मी. खणलं तर कित्येकदा पांढऱ्या चुनखडीचे खडे हाताला लागतात. तिच्यात आणखी चुना म्हणजे गोड चहात साखर. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, मग गवताची नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसतात. खत देऊनही पिवळेपणा जात नसेल तर फेरस सल्फेट म्हणजे हिराकस, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारून बघा. फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. फवारण्याआधी माती तपासून घेतली तर आणखी चांगलं. कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत ती नाममात्र शुल्कात होते.

कडुनिंबाखाली गवत टिकतच नाही. पानगळीत ऊन येतं तेव्हा तरी लावून बघू का?

सुचलं ते बरोबर, पण त्या उन्हाच्या नादी लागू नका. कडुनिंब दोन-तीन आठवड्यांत पुन्हा भरतो. हरळीला रोज सहा तास तरी सरळ ऊन लागतं, वर्षातले तीन आठवडे नव्हे. खालच्या दोन-तीन फांद्या काढून सकाळचं तिरपं ऊन आत येत असेल तर कोरियन गवत थोडंफार तग धरतं. नाहीतर तिथे स्पायडर प्लांट, मनी प्लांट लावा, किंवा सरळ पानांचं आच्छादन राहू द्या आणि वर बाकडं टाका. कडुनिंबाची सावली मे महिन्यात गवतापेक्षा आपल्याला जास्त लागते.

उन्हाळ्यात पाणी किती द्यावं? कूलरचं पाणी लॉनला सोडलं तर चालतं ना?

एक इंच पाणी शंभर चौरस फुटावर म्हणजे जवळपास २३० लिटर. आठवड्याला एवढं तरी मार्चमध्ये लागतं, मेमध्ये त्याहून जास्त. चारशे फुटांचं लॉन असेल तर हजार लिटरची टाकी दर आठवड्याला जवळजवळ रिकामी. पेंच-कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी असं ओतायचं का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. मी माझं लॉन कमी करत करत अडीचशे फुटांवर आणलं.

रोज थोडं शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी खोल भिजवा, पहाटे. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर पाणी त्यातून खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं मुरलं. आधी भेगांत चाळलेलं पानखत आणि जाडी वाळू भरा.

कूलरच्या टाकीतलं पाणी दिवसभर उडत राहतं आणि त्यातले क्षार मागे राहतात. पॅडवर पांढरी पुटं धरतात ती त्याचीच. आधीच खारट-जड मातीत ते पाणी रोज एकाच कोपऱ्यात सोडलं तर तो कोपरा जातो. बोअरचं पाणी भरत असाल तर आणखी लवकर. फरशी धुवा त्यानं. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र क्षारविरहित असतं, ते बादलीत धरून झाडांना घाला.

मशीन किती खाली लावायचं?

पानगळ संपेपर्यंत दीड इंच, एप्रिलपासून दोन इंच. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. क्रिकेटच्या मैदानासारखं बारीक लॉन मेमध्ये ठेवायची हौस असेल तर जामठ्याच्या स्टेडियमइतके माळी ठेवा.

एवढं करूनही मेमध्ये लॉन वाळलं. मेलं का?

हरळी असेल तर बहुतेक नाही. ती जमिनीखालच्या खोडांत जीव धरून बसते. एक तुकडा उकरून बघा, आतली कांडी पांढरी आणि कडक असेल तर जिवंत. पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिलं तरी ती पावसाची वाट बघते. कोरियन एवढं सोशिक नसतं.

पानं काढल्यावर खाली मोथा दिसतो आहे.

वरून उपटून उपयोग नाही, खालच्या गाठी राहतात आणि एकाचे चार होतात. खुरप्यानं गाठीसकट काढा, दर आठवड्याला, न थकता. आणि त्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकू नका. कडक उन्हात पत्र्यावर वाळवा. गाजरगवत मात्र फुलायच्या आत उपटलं तर खड्ड्यात चालतं. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

पावसाळ्यानंतर लॉनचा तुकडा गालिच्यासारखा हातात उचलून येतो. त्याचा पानगळीशी संबंध आहे का?

पानांशी नाही, झाडाशी आहे. ती हुमणी. पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. अळ्या नंतर मुळं कुरतडतात. जूनच्या पहिल्या पावसांत रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं टोपलं ठेवा, शेकड्यांनी पडतात. कच्चं शेणखत लॉनवर टाकू नका, अळ्या त्यातूनही येतात.

शेजारच्यांच्या पिंपळाची सगळी पानं आमच्याकडे पडतात. फांद्या छाटू शकतो का?

स्वतःच्या मनानं नको. शहरातली झाडं १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली येतात. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करा. त्याआधी शेजारच्या काकांशी चहा घ्या. आमच्या गल्लीत असाच तंटा होता. शेवटी ठरलं ते असं: पानं आम्ही झाडायची, खत दोघांनी वाटून घ्यायचं.

कटकट नको म्हणून प्लास्टिकचं गवत टाकलं तर?

मेमध्ये दुपारी त्यावर अनवाणी उभे राहून मला कळवा. पानं त्याच्यावरही पडतातच.

नवं लॉन लावायचं आहे. पानगळीत जमीन रिकामी दिसते आहे, लावू का?

जमीन तयार करून ठेवा: खणा, दगड काढा, मोथ्याच्या गाठी वेचा, उन्हात तापू द्या. लावा मात्र दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. तोवर फेब्रुवारीचं पानखतही हाताशी आलेलं असतं.

आम्ही पानं गोळा करून ठेवतो आणि सातभाई येऊन सगळी परत लॉनवर पसरवतात. काय करावं?

काही करू नका. ते एकेक पान चोचीनं उलटून खालचे किडे वेचत असतात, भांडत, ओरडत, सात-आठांच्या टोळीनं. आमच्याकडे सकाळी साडेसहाला येतात आणि साडेसातपर्यंत आटोपतात. म्हणून आम्ही आठला झाडतो.